एक इमारत, एक हवा

सुजाता हिवराळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात पेटलेली उदबत्ती होती. औरंगपुऱ्यातलं आमचं जुनं ऑफिस म्हणजे खाली बियाण्यांचं दुकान, वर दोन मजले, आणि लोखंडी कपाटांच्या मधून अंग चोरत जाणारी माणसं. त्या वाटेनं एक ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या बाई उदबत्ती धरून सावकाश चालल्या होत्या. आमच्या कॅशियरनं चपला काढल्या. मी खुर्चीवरून उठून हात जोडले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जोडलेले हात आपोआप सुटले.

"पूजा नाय करायलेय, हवा बघायलेय," त्या म्हणाल्या. "धूर बघा कसा सरळ वर चाललाय. म्हणजे तुमच्या ऑफिसातली हवा मेलीय. तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं.

"नाव ऱ्हाऊ द्या. खातं कोणतं?"

"खरेदी."

"मग खरेदी, ही उदबत्ती धरा जरा. मला शिंक येतीय."

तेव्हापासून त्यांनी मला कायम 'खरेदी' म्हणूनच हाक मारली. विक्री व्यवस्थापक गव्हाणे हे 'विक्री', आणि कॅशियर 'तिजोरी'. फक्त दोन माणसांना त्या नावानं बोलावत. एक आमचे मालक भाऊसाहेब, आणि दुसरे दारावरचे युसूफभाई. असं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तराऐवजी एखादं काम मिळालं असतं.

भाऊसाहेब मूळचे सिल्लोडचे. कापूस आणि मक्याच्या बियाण्यांवर त्यांनी कंपनी उभी केली, आणि आता त्यांना सिल्लोड रस्त्यावर, शहराच्या बाहेर, नवं मुख्य ऑफिस बांधायचं होतं. त्या इमारतीची वीज, हवा आणि पाणी बघायला म्हणून हिवराळे मॅडमना नोकरीवर घेतलं होतं. त्या शिकलेल्या इंजिनिअर, मुंबईला मोठ्या कंपन्यांत काम केलेल्या. आणि हे सगळं आपल्याला येतं याबद्दल त्यांच्या मनात काडीचीही शंका नव्हती. विनय हा गुण त्यांनी बहुधा शाळेतच ऐच्छिक विषय म्हणून सोडून दिला असावा.

जुन्या ऑफिसात एकट्या गव्हाणेंच्या केबिनला एसी होता. त्याचा बाहेरचा डबा बोळात टांगलेला, आणि त्याच्या बरोब्बर खाली युसूफभाईंचं स्टूल. एका दुपारी मॅडम त्या स्टुलावर जाऊन बसल्या. वरून भट्टीसारखी हवा त्यांच्या डोक्यावर येत होती. युसूफभाई बिचारे कावरेबावरे झाले. "मॅडम, उठो ना. मेरेकू आदत हो गई, तुम कायको बैठे इधर?"

मॅडम उठल्या नाहीत. मला खाली बोलावलं आणि म्हणाल्या, "खरेदी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. थंडी नावाची वस्तू बाजारात मिळत नाय. मशीन एवढंच करतंय, की आतली उष्णता उचलतंय आणि बाहेर टाकतंय. ती कोणाच्या तरी डोक्यावर पडतीच. कोणाच्या डोक्यावर टाकायची, एवढंच आपल्या हातात असतंय."

मी 'हो हो' म्हणालो. मला तेव्हा फक्त एवढंच कळलं होतं, की बोळात फार उकडतंय.

नव्या इमारतीचं चित्र पुण्याच्या आर्किटेक्टनं आणलं तेव्हा भाऊसाहेब हरखून गेले. सगळी काच. समोरून निळी, बाजूनं हिरवी. बैठक जागेवरच, पत्र्याच्या शेडमध्ये होती. मे महिना होता. भाऊसाहेब म्हणाले, "मला काचच पायजे. रस्त्यानं जाणारा शेतकरी थांबला पायजे. म्हणला पायजे, हे बियाणं साधंसुधं नाय."

"भाऊसाहेब," मॅडम म्हणाल्या, "काचेच्या ऑफिसात आधी बसून तर बघा."

"कुठं हाय?"

"तुमच्या दारात उभं हाय की."

त्यांनी शेडबाहेर उभ्या असलेल्या भाऊसाहेबांच्या गाडीचं दार उघडलं. गाडी सकाळपासून उन्हात, काचा बंद, इंजिन बंद. भाऊसाहेब गंमत म्हणून मागे बसले. दुसऱ्या बाजूनं मॅडम बसल्या आणि दोन्ही दारं लागली. मग मात्र गंमत संपली. कारण भाऊसाहेब हट्टी, आणि मॅडम त्यांच्याहून हट्टी. काचेतून आम्हाला दिसत होतं, भाऊसाहेब रुमालानं मान पुसतायत, मग टक्कल, मग पुन्हा मान. मॅडम मांडीवर हात ठेवून समोर बघत बसलेल्या, जणू काही बसची वाट बघतायत. ड्रायव्हर किल्ली घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होता. आर्किटेक्ट मला विचारत होता, "दार उघडू का?" मी म्हटलं, "तुम्हाला हे काम ठेवायचं असेल तर हात लावू नका."

शेवटी भाऊसाहेबांच्या बाजूचं दार उघडलं. सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. मॅडम उगाचच थोडा वेळ आणखी बसल्या आणि मग उतरल्या. भाऊसाहेब तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई हायत का कोण हायत! तुम्हाला कसं सोसलं हो?"

"मी उस्मानपुऱ्यात पत्र्याखाली वाढले. उन्हाळ्यात आई पत्र्यावर ओली पोती टाकायची, आम्ही त्याखाली बसून अभ्यास केला. मला सोसतंय. पण तुमच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोरींनी कशापायी सोसायचं?"

काच गेली. आर्किटेक्ट भला माणूस होता. त्यानं मॅडमसोबत बसून सगळं नव्यानं काढलं, आणि मला वाटतं त्यालाही मनातून बरं वाटलं.

जी इमारत उभी राहिली ती रस्त्यावरून बघितली तर थोडी घुमीच दिसते. पश्चिमेला एकही खिडकी नाही, तिकडं जिना आणि गोदाम. भिंती दुहेरी, मधे पोकळी. उत्तरेच्या भिंतीत जमिनीलगत लोखंडी झडपांचं एक मोठं तोंड. तिथून पंखे हवा ओढून घेतात, ती ओल्या जाळ्यांतून आणि जमिनीखालच्या बोगद्यातून थंड होत जाते, आणि प्रत्येक मजल्यावर भिंतीच्या पायथ्याशी निघते. तापलेली हवा गच्चीवरच्या उंच धुराड्यांतून निघून जाते. गच्चीवर सोलरचे पत्रे उंच मांडवासारखे घातलेले. वीज तर मिळतेच, वर स्लॅबवर सावली. बियाण्यांच्या शीतगृहाची मशिनं जी उष्णता बाहेर फेकतात तीसुद्धा मॅडमनी वाया जाऊ दिली नाही. तिच्यावर कँटीनचं पाणी तापायचं, आणि ज्या खोलीत बियाणं उगवतंय का ते तपासतात, ती खोली ऊबदार राहायची.

आणि खिडक्यांचा कायदा. पहाटे युसूफभाईंनी सगळ्या खिडक्या उघडायच्या, ऊन चढायच्या आत लावायच्या. त्यानंतर जो खिडकी उघडेल तो मॅडमचा वैरी. तिजोरीनं एकदा मोबाईलला रेंज येत नाही म्हणून उघडली, तर मॅडम दोन मजले चढून आल्या. "तुमच्या घरी फ्रिजचं दार उघडं ठेवून पाहुण्यांशी गप्पा मारता का?" तिजोरी बरेच दिवस मॅडमच्या मजल्यावर गेलाच नाही.

त्या सोबत काम करायला सोप्या होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी टेबलफॅन जप्त केले, हवेच्या जाळीसमोर ठेवलेली गव्हाणेंची मनीप्लँटची कुंडी उचलून सरळ जिन्यात ठेवली, आणि पहिल्याच डिसेंबरात आम्हा सगळ्यांना गारठवलं. बोगद्यातून येणारी हवा सकाळी अशी झोंबायची, की आमच्या पोरी स्वेटरवर शाली घेऊन बसायच्या. मॅडम स्वतः कानाला मफलर गुंडाळून सांगत होत्या, "छान हाय की हवा." मग एका आठवड्यात त्यांनी शीतगृहाच्या उष्णतेचा एक फाटा या हवेकडं वळवला आणि ऑफिस ऊबदार झालं. मी म्हटलं, "म्हणजे आधी चुकलं होतं."

"चुकलं नव्हतं. आता सुधारलं."

येता-जाता त्या उलट्या हातानं भिंतीला हात लावत, लेकराचा ताप बघावा तसा. भिंत गार लागली की ओठ आवळून मान हलवत. त्यांचं सगळं प्रेम त्या एका हाताच्या पाठीत होतं. माणसांच्या वाट्याला फारसं उरत नसे.

खरी ठिणगी पडली ती केबिनवरून. उन्हाळ्याच्या तोंडावर गव्हाणेंनी बैठकीत विषय काढला. "माझ्याकडं डीलर येतात. विक्रीच्या साहेबाला एसी नाही म्हटल्यावर काय इज्जत राहील? साध्या क्लार्कला जी हवा, तीच मला?"

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. ही खूण आम्हाला ठाऊक होती. मी हळूच खुर्ची मागे घेतली.

"विक्री, आमच्या माणसांना पाण्यासाठी भांडावं लागलं. सगळ्यांचं तळं, पण आमच्या हाताला बंदी. ते भांडण आमच्या आज्यानं केलं. आता हवेसाठी बी भांडायचं का? या इमारतीत एकच हवा ऱ्हाईल. भाऊसाहेबांना जी, तीच युसूफभाईंना. तुम्हाला वेगळी पायजे असंल तर वेगळी इमारत बांधा."

गव्हाणे कागद सारखे करत राहिले. मी भाऊसाहेबांकडे बघत होतो, ते टेबलाकडे बघत होते. मग ते म्हणाले, "चहा सांगा." आमच्याकडे याचा अर्थ, ठरलं. मला त्या क्षणी मॅडमचा अतोनात अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही वाटली. गव्हाणे विसरणारा माणूस नव्हता.

भाऊसाहेबांचा वाढदिवस मे महिन्यात. त्या वर्षी गव्हाणेंनी डीलरांना बोलावलं, आणि इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असं, गच्चीपासून जमिनीपर्यंत भाऊसाहेबांचं फ्लेक्स लावलं. फेटा, हसरा चेहरा, गळ्यात हार, खाली 'बळीराजाचा आधारवड'. सुट्टीच्या दिवशी लावून घेतलं. मॅडम सिल्लोडच्या गोदामाच्या कामावर गेलेल्या होत्या. आम्ही सगळे येता-जाता त्या फ्लेक्सकडे बघून मान लववत होतो. त्याच्या मागे काय आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

इमारत तापू लागली. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, यंदा ऊन जास्त आहे. दुसऱ्या दिवशी पोरी वहीनं वारा घेऊ लागल्या. वाढदिवसाच्या दिवशी वरच्या हॉलमध्ये डीलर जमले, केकवरची मलई ओघळायला लागली, आणि गव्हाणे ज्याला त्याला सांगत होते, "मी आधीच बोललो होतो. ही बोगद्याची हवा कागदावर ठीक." भाऊसाहेबांचा सदरा पुन्हा एकदा पाठीला चिकटला होता. ते सगळ्यांसमोर मला म्हणाले, "एसीचे भाव काढा. प्रत्येक केबिनला. भिंती फोडायच्या तर फोडा."

नेमक्या तेव्हा मॅडम आल्या. कोणाशी बोलल्या नाहीत. पर्समधून उदबत्ती काढली, पेटवली, जाळीसमोर धरली. धूर सरळ वर गेला. औरंगपुऱ्यात गेला होता तसाच. त्यांचा चेहरा मी तेवढा उतरलेला कधी पाहिला नव्हता. मग त्या तरातरा जिना उतरून गेल्या, थोड्या वेळानं तशाच वर आल्या, केकशेजारची सुरी उचलली, आणि पुन्हा खाली निघाल्या. हातात सुरी घेतलेल्या बाईमागे सगळे डीलर धावले. मीही धावलो. मला खरंच वाटलं, आज गव्हाणेंचं काही खरं नाही.

फ्लेक्स त्या लोखंडी झडपांना आत ओढलं जाऊन घट्ट चिकटलं होतं, दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखं. मॅडमनी हाताला येईल तिथं, भाऊसाहेबांच्या हाराखाली, सुरी खुपसली आणि आडवं कापत नेलं. मग उभं, हात पुरला तिथवर. हवा आत शिरल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. भाऊसाहेबांचा आधारवड दोन तुकडे होऊन खाली लोंबला.

"तीन दिवस हिचं तोंड दाबून धरलंय तुम्ही," मॅडम ओरडल्या, "आणि वर म्हणता, श्वास का घेईना!"

डीलर केक खाऊन पांगेपर्यंत हॉल गार झाला होता. पण भाऊसाहेबांचा फोटो सगळ्यांच्या देखत कापला गेला होता, आणि ते काही गार झालेले नव्हते. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. मी एसीच्या भावांचे कागद घेऊन तिथंच उभा होतो.

"चूक गव्हाणेची हाय, त्याला मी बघतो," भाऊसाहेब म्हणाले. "पण तुम्ही सुरी चालवली. माझ्या तोंडावर, माझ्या माणसांसमोर. गाठी सोडून बॅनर काढता आलं असतं. माफी मागा, विषय संपला. एसी बी नाय, काय नाय."

मी मनातल्या मनात विनवत होतो, म्हणा बाई, दोन शब्द तर आहेत. म्हणा आणि सुटा.

"माफी मागत नाय," मॅडम म्हणाल्या. "आज मी माफी मागितली, तर उद्या सगळे म्हणतील, मॅडमचंच चुकलं होतं. मग माझ्यासोबत ही इमारत बी चुकीची ठरतीय. परत लावलं तर परत कापीन."

"मग एसी लावतो."

"भिंतीच्या मधे पोकळी हाय. ठिकठिकाणी भोकं पाडली तर भिंत कामातून जातीय. मी इथं असेस्तोवर कोणाला पाडू देणार नाय. तुम्हाला पाडायची असतील तर आधी मला काढा."

"मग लिहून द्या."

मॅडमनी इकडं तिकडं बघितलं, माझ्या हातातले कागद घेतले, आणि एसीच्या भावांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर राजीनामा लिहिला. दोन ओळी. भाऊसाहेबांनी तो वाचला नाही, सगळे कागद तसेच ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवर लावला. मॅडम निघाल्या. दारातून जाताना उलटा हात भिंतीला लावला, मान हलवली. मला त्यांचा राग आला होता. इतकं कशाला ताणायचं माणसानं? नोकरी गेली, स्वतः बांधलेली इमारत गेली, दोन शब्दांसाठी. घरी जाऊन बायकोला हे सांगताना माझा आवाज चढला. ती म्हणाली, "मग तू का नाही बोललास त्यांच्या बाजूनं?" त्यावर मी जेवायला वाढ म्हणालो.

त्या ड्रॉवरमधून एसीचे भाव पुन्हा बाहेर आले नाहीत. मी एकदा आठवण करून दिली, तर भाऊसाहेब म्हणाले, "बघू." गव्हाणेंनी आठवण करून दिली, तर म्हणाले, "तुम्हाला लई गरम होतंय का?" नंतर कोणी विचारलं नाही. खिडक्यांचा कायदा युसूफभाईंनी चालू ठेवला, आणि मॅडमपेक्षा कडक चालवला.

पुढच्या मे महिन्यात भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचं फ्लेक्स फाटकाशेजारच्या कुंपणावर लागलं. कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. त्याच दिवशी भर दुपारी युसूफभाईंचा फोन आला. "खरेदी साब, जल्दी नीचे आओ. मॅडम आये."

मी धावतच गेलो. मॅडम उत्तरेच्या भिंतीशी, झडपांसमोर उभ्या होत्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, स्कूटर शेजारी. जालन्याला एका शाळेचं काम घेतलं होतं, पत्र्याच्या वर्गांना थंड करायचं, आणि आज फुलंब्रीकडं जाताना वाटेत थांबले, असं म्हणाल्या. हातात उदबत्ती होती. धूर वर जातच नव्हता. निघाला की वाकून सरळ झडपांच्या आत शिरत होता.

"जिवंत हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी उलटा हात भिंतीला लावला तो लवकर काढला नाही, आणि मी दुसरीकडं बघितलं.

"आत चलो ना मॅडम, चाय पिओ," युसूफभाई म्हणाले.

"नाय. लिहून द्या म्हणून सांगितलं होतं मला. या म्हणून सांगितल्याशिवाय त्या दारात पाऊल ठेवणार नाय." त्यांनी पर्समधला उदबत्त्यांचा पुडा काढून युसूफभाईंच्या हातात ठेवला. "मधूनमधून लावत जा. देवापुढं नाय, इथं."

त्या स्कूटरला किल्ली लावत होत्या तेवढ्यात वर आवाज झाला. दुसऱ्या मजल्यावर भाऊसाहेबांच्या केबिनची खिडकी उघडली होती. त्या भर उन्हात. भाऊसाहेब अर्धे बाहेर वाकले होते.

"हिवराळे मॅडम," ते म्हणाले, "वर या ना..."

"भाऊसाहेब!" मॅडम खालून अशा कडाडल्या, की कुंपणावरच्या साळुंक्या उडाल्या. "आधी खिडकी लावा! ऊन चढलंय दिसत नाय का? सगळी गरम हवा आत चाललीय!"

भाऊसाहेबांनी खिडकी लावली.